सासूबाईंची डोकेदुखी

सोमवारी सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या त्या कपाळाला माझ्या नवऱ्याचा, मिलिंदचा, लोकरी मफलर आवळून. एप्रिल महिना, चिपळूणचा उकाडा. मी ओढणीने मान पुसत चहा गाळत होते. त्यांनी एक हात ओट्याला टेकला, दुसरा मफलरवर ठेवला आणि म्हणाल्या,

"तनुजा, माझं डोकं फुटतंय."

लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात मी त्यांच्या तोंडून अशी तक्रार ऐकली नव्हती. शरयू रेडीज ही बाई आजारी पडणाऱ्यांतली नव्हतीच. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलेली. सर्दीला त्या 'हवा' म्हणायच्या आणि तापाला 'आळस'. मी त्यांना खुर्चीत बसवलं, पंखा लावला, सुंठ उगाळायला घेतली. आणि खरं सांगायचं तर मला मनातून थोडं बरंच वाटलं. घरात कोणीतरी आजारी होतं आणि ती मी नव्हते.

हे कळायला माझ्या डोक्याविषयी थोडं सांगावं लागेल.

सात वर्षांची असताना मला मेंदूज्वर झाला. तो गेला, पण जाताना डोक्यातल्या पाण्याची वाट बुजवून गेला. हे पाणी सगळ्यांच्याच मेंदूत रोज तयार होतं आणि रोज आपोआप जिरतं. माझं जिरेना. तेव्हा कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मेंदूत एक बारीक नळी घातली, उजव्या कानामागे कातडीखाली चिंचोक्याएवढी झडप बसवली आणि नळीचं दुसरं टोक मानेवरून, छातीवरून खाली नेऊन पोटात सोडलं. डोक्यातलं जास्तीचं पाणी पोटात उतरतं आणि तिथे जिरतं. याला शंट म्हणतात. तो नीट चालला की माणूस चारचौघांसारखा जगतो. फक्त तो कधीही तुंबू शकतो, आणि तुंबला की डोकं दुखतं, उलट्या होतात, झोप येते. म्हणजे सर्दीपासून परीक्षेपर्यंत माणसाला ज्या ज्या कारणाने जे जे होतं, तेच सगळं.

मग यातलं शंटचं दुखणं कुठलं आणि साधं कुठलं, हे ओळखायचं कसं? माझ्या आईने सोपा मार्ग काढला होता. सगळंच शंटचं धरायचं. शाळेतून आले की चपला काढायच्या आत ती विचारायची, "डोकं दुखतंय का?" जेवताना विचारायची. जांभई दिली की हमखास विचारायची. कोल्हापूरच्या आमच्या घरात दाराशी एक पिशवी कायम भरलेली असे, तीत माझ्या डोक्याचे फोटो, रिपोर्ट, टॉवेल आणि ग्लुकोजचा पुडा. विसाव्या वर्षापर्यंत आम्ही अकरा वेळा इस्पितळात धावलो. एकदा, तेराव्या वर्षी, शंट खरोखरच तुंबला होता. तेव्हा नळी बदलली. बाकीच्या दहा वेळा चष्म्याचा नंबर, सायनस, कावीळ, भेळ आणि एकदा इतिहासाचा पेपर.

म्हणून मिलिंदचं स्थळ आलं तेव्हा बाबांनी सगळं उघड सांगितलं, आणि मीही सासूबाईंसमोर केस बाजूला करून कानामागचा उंचवटा दाखवला. त्यांनी बोटाने हळूच चाचपून पाहिला.

"गळत नाही ना?"

"नाही."

"मग झालं," त्या म्हणाल्या.

मला धीर आला. मी म्हणाले, माझी एकच अट आहे. या घरात मला कोणी डोकं दुखतंय का, हे विचारायचं नाही. दुखलं तर मी सांगेन. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "एवढंच? मला वाटलं, मासे साफ करणार नाही म्हणशील," त्या म्हणाल्या, आणि शब्द दिला. दोन वर्षांत त्यांनी तो एकदाही मोडला नाही. मिलिंद महिन्यातून एखादवेळी मोडायला जायचा. त्या सोमवारच्या आदल्या शनिवारचीच गोष्ट. मी दुपारी चारला दुसऱ्यांदा झोपले होते. तो उशाशी येऊन म्हणाला, "तनू, डोकं..." मी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. "डोक्यावरचा पंखा वाढवू का?" तो म्हणाला.

तर मला आठवा महिना लागला होता. शंट असलेल्या बाईला मूल होऊ शकतं, फक्त लक्ष ठेवावं लागतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं तर कोल्हापूरला जायला हवं होतं. मी नाही म्हटलं. आईचा तो प्रश्न दिवसातून बारा वेळा, आणि आता दोन जिवांसाठी म्हणजे चोवीस वेळा, हे मला झेपलं नसतं.

आणि त्या गुरुवारपासून माझंही डोकं दुखत होतं. उलट्याही पुन्हा सुरू झाल्या होत्या. पण माझ्याकडे त्याला आठवा महिना हे उत्तम कारण होतं. चिपळूणच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहून 'ठीक आहे, होतं काहींना' म्हटलं होतं. शेजारच्या खेडेकरकाकूंनी उलट्यांवरून बाळाला जावळ भरपूर असल्याचं जाहीर केलं होतं. झोप येते तर येणारच, दोघांची झोप आहे. दूध कपाटात ठेवलं आणि साखरेचा डबा फ्रीजमध्ये, तर गरोदरपणात बायका विसरतात, असं मासिकात छापून आलं होतं. भिंतीवर एका जागी दोन पाली अगदी एकसारख्या दिसल्या तेव्हा मी म्हटलं, जोडीने आल्या असतील.

असो. सोमवारी सकाळी सुंठेचा लेप घेऊन मी सासूबाईंसमोर बसले आणि चौकशी सुरू केली. चौकशीचा मला लहानपणापासूनचा अनुभव, फक्त उत्तरं देण्याच्या बाजूने.

"सकाळी जास्त दुखतं की संध्याकाळी?"

"उठल्या उठल्या," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "आडवं झालं की वाढतं. बसून राहिलं की जरा बरं."

"मळमळतं?"

"उलटी झाली मघाशी. झाली की तेवढ्यापुरतं हलकं वाटतं."

मी लेपाचं बोट हवेत धरून थांबले. हे शब्द मी पूर्वी कुठेतरी ऐकले होते. ऐकले कसले, तेराव्या वर्षी मीच डॉक्टरांना सांगितले होते.

"आई, हे साधं नाही हं," मी म्हणाले.

"साधंच आहे. वय झालं," त्या म्हणाल्या, आणि उठून आपल्या खोलीत जाऊन झोपल्या. सकाळचे साडेनऊ वाजले होते. पंधरा मिनिटांत त्यांच्या घोरण्याचा आवाज यायला लागला. एरवी त्या अजिबात घोरत नसत, त्यामुळे मला आणखी काळजी वाटली.

दिवसभर मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. मध्ये तास-दोन तास माझाच डोळा लागला, तेवढा वेळ सोडला तर. दुपारी त्या भिंत धरून चालायला लागल्या. मीही गेले तीन-चार दिवस भिंत धरूनच चालत होते, पण माझं पोट एवढं पुढे आलेलं, तोल जाणारच. त्यांना काय झालं होतं? त्यांनी वरणात मीठ दोनदा घातलं. मी म्हटलं, "आई, आत्ताच घातलंत की." त्या म्हणाल्या, "घातलं का? हल्ली आठवत नाही बघ काही." चौतीस वर्षं गावातले सगळे फोन नंबर तोंडपाठ असलेली बाई हे म्हणत होती.

संध्याकाळी मिलिंद जवळच्या लोटे गावातल्या कारखान्यातून घरी आला. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या, मफलर तसाच. त्यांनी डोळे किलकिले करून त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या,

"आलात? दोघंही हातपाय धुऊन घ्या."

मिलिंदने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तो तसाच पायऱ्यांवर बसला.

मी मात्र सावध होते. मी त्याला आत घेऊन गेले आणि सांगितलं, की पहाटेची डोकेदुखी, उलटी, झोप, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, विसरणं, ही सगळी लक्षणं मला पाठ आहेत. ही डोक्यातला दाब वाढल्याची लक्षणं आहेत. माझ्यासारखा शंट असता तर मी म्हटलं असतं, तुंबला. पण त्यांना शंट नाही, म्हणजे दुसरं काहीतरी आहे आणि ते जास्त वाईट असू शकतं. हे सांगताना मी दाराची चौकट धरून उभी होते, कारण मिलिंद मलाही थोडा दुहेरी दिसत होता. माझा चष्मा जुना झाला होता.

जेवणं झाल्यावर मी सासूबाईंना समोर बसवलं. त्या ऐकायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, दोन दिवसांत जाईल. म्हणाल्या, डॉक्टर लोक नसतं काढतात. म्हणाल्या, एवढ्या तेवढ्यासाठी धावत सुटलं की जग हसतं, मागच्या वेळी गेलो तेव्हा काय निघालं, काही नाही. त्यांची कुठलीच मागची वेळ नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी भाषण देण्याच्या भरात होते. दहा वेळा फुकट धावलं तरी चालतं, मी त्यांना म्हणाले, पण अकराव्या वेळी घरी बसलं तर नजर जाते. नुसतं झोप येते झोप येते म्हणत माणूस बेशुद्ध होतं आणि घरच्यांना वाटतं, झोपलंय. आपल्याला काही झालेलं नाही असं आपल्याला वाटणं, हेच तर त्या दुखण्याचं लक्षण असतं. तुम्हाला भीती वाटते म्हणून तुम्ही टाळताय आई, दुसरं काही नाही.

सासूबाईंनी मान खाली घातली होती.

"असं म्हणतेस?"

"असंच आहे. कोल्हापूरला माझ्या डॉक्टरीणबाई आहेत, डॉ. शिरगुप्पे. उद्याच जायचं. मी फोन करते."

"फोन मी करते," त्या घाईने म्हणाल्या. "पण तू सोबत असशील तर येईन. मिलिंदचा काही उपयोग नाही. तो आत्ताच रडायला आलाय."

मी म्हटलं, येणारच. आठव्या महिन्यात मला घाटातून प्रवास झेपेल का, असा प्रश्न कोणी विचारला नाही याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. माझ्यावर विश्वास टाकला, म्हणून अभिमान वाटला.

मंगळवारी उजाडता उजाडता निघालो. मिलिंद गाडी चालवत होता. सासूबाईंनी मला पुढच्या सीटवर बसवलं आणि पाठीमागे दोन उशा लावून डोकं उंच राहील असं पाहिलं. मी म्हणाले, पुढे तुम्ही बसा, आजारी तुम्ही आहात. त्या म्हणाल्या, "मला मागे आडवं व्हायचंय." आणि मागच्या सीटवर त्या शेवटपर्यंत ताठ बसून राहिल्या, दोन्ही हात माझ्या सीटच्या पाठीवर ठेवून.

कुंभार्ली घाटात मला उलटी झाली. मिलिंदने गाडी बाजूला घेतली. मी दार उघडून वाकले होते तेवढ्यात मागचं दार उघडलं, सासूबाई उतरल्या आणि कठड्याशी जाऊन त्यांनीही 'व्वाक्' असा मोठा आवाज काढला. दरीत काही पडलं नाही. मिलिंद एकदा माझ्या पाठीवरून हात फिरवायला येत होता, एकदा त्यांच्याकडे धावत होता, आणि पाण्याची बाटली एकच होती. शेवटी त्याने स्वतःच ती तोंडाला लावली.

घाट चढून गेल्यावर मला गाढ झोप लागली. पण सासूबाई मला झोपू देईनात. दर थोड्या वेळाने मागून खांद्याला हात लावून काहीतरी विचारायच्या. कोयनेला वीज कशी तयार होते? तुझ्या मावसबहिणीच्या नणंदेचं नाव काय? आजचा वार कुठला? मी चिडून म्हणाले, आई, तुमचं डोकं दुखतंय ना, मग पडून राहा की. त्या म्हणाल्या, बोललं की मला बरं वाटतं. वार मी बुधवार सांगितला. त्या मिलिंदला म्हणाल्या, जरा जोरात घे.

कऱ्हाडला मिलिंद चहासाठी थांबू या म्हणाला. मला अन्नाचा वासही नको होता. सासूबाईंनी मात्र गाडीतच बसून दोन बटाटेवडे मिरचीसकट खाल्ले. मेंदूच्या रुग्णाला इतकी भूक लागते हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मी तसं म्हटल्यावर घास थांबवून त्या म्हणाल्या, "कुठला वडा? मला तर तीन दिसतायत."

कोल्हापूरला इस्पितळाच्या दारात मिलिंद धावत जाऊन चाकाची खुर्ची घेऊन आला आणि आईसमोर उभी केली. सासूबाई खुर्चीकडे पाहून म्हणाल्या, मला बसून बसून कंटाळा आलाय, तनुजाचे पाय सुजलेत, तिलाच बसू दे. पाय खरंच सुजले होते. मी बसले. अशा रीतीने सासूबाईंना मेंदूच्या डॉक्टरकडे दाखवायला निघालेली मी खुर्चीतून, आणि रुग्ण मागून खुर्ची ढकलत, असे आम्ही आत गेलो. मिलिंद पुढे धावत 'पेशंट आहे, पेशंट आहे' म्हणत वाट काढत होता.

बाहेर दहा-बारा जण बसले होते. मी सासूबाईंना धीर देत होते. सुई टोचली तर दुखत नाही, मशीनमध्ये आवाज होतो त्याला घाबरायचं नाही. एवढ्यात नर्सने दार उघडून नाव पुकारलं.

"तनुजा रेडीज."

मी म्हणाले, नाव चुकलंय, शरयू रेडीज हवंय. नर्सने कागद पाहिला. म्हणाली, तनुजाच आहे, काल रात्री फोनवर नोंद झाली, तातडीची. मी सासूबाईंकडे वळले. त्यांनी मफलर सोडला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. कपाळावर त्याचा लाल वळ उमटला होता.

"चल," त्या म्हणाल्या आणि खुर्ची आत ढकलली.

डॉ. शिरगुप्पे चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. माझा शंट ज्यांनी बसवला ते डॉक्टर निवृत्त झाल्यावर माझी फाईल त्यांच्याकडे आली होती. त्यांनी विचारलं, काय होतंय? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई सांगू लागल्या.

"गुरुवारपासून सकाळी डोकं धरून उठते. आडवी झाली की वाढतं. रोज दोन-तीन उलट्या, शनिवारी चार. दिवसातून तीनदा झोपते, उठवलं तर कुठे आहे ते पटकन कळत नाही. भिंत धरून चालते. परवा भिंतीवर एकच पाल होती, ही म्हणाली, दोघी जोडीने आल्यात. आज वार विचारला तर बुधवार सांगितला."

"आणि तुम्हाला काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं, कारण मिलिंद मागून त्यांना खुणा करत होता.

"मला काय व्हायचंय? माझं डोकं चौसष्ट वर्षांत एकदाही दुखलेलं नाही."

मला इतका राग आला की त्या रागानेच डोकं फुटेल असं वाटलं. मी म्हणाले, तुम्ही मला फसवलंत. तुम्ही शब्द दिला होता.

"तो मी पाळला," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या डोक्याचं मी एका अक्षराने विचारलं नाही. माझ्याच डोक्याविषयी बोलत होते. कोल्हापूरला यायचं तूच ठरवलंस."

डॉक्टरांनी हसू दाबलं आणि माझ्या डोळ्यांत उजेड टाकून आत पाहिलं. मग त्यांचं हसू गेलं. त्यांनी कानामागची झडप बोटाने दाबली, सोडली, पुन्हा दाबली. नंतर म्हणाल्या, डोळ्यांच्या मागची नस सुजली आहे. आणखी दोन-तीन दिवस घरी राहिला असतात तर नजरेचं काही सांगता आलं नसतं, आणि फक्त नजरेचंच नाही.

मी सासूबाईंकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही. आदल्या रात्री मी त्यांना जे जे सुनावलं होतं ते सगळं एकेक वाक्य माझ्याजवळ परत आलं. मला माहीत नव्हतं, असं मी इतकी वर्षं सांगत आले आहे. ते पूर्ण खरं नाही. आत कुठेतरी मला गुरुवारीच कळलं होतं. पण पुन्हा दाराशी पिशवी, पुन्हा सगळ्यांचे चेहरे, आणि या वेळी पोटात बाळ. मी त्या कळण्याकडे पाठ करून झोपत होते, एवढंच.

त्याच दुपारी डॉक्टरांनी झडपेत बारीक सुई घालून थोडं पाणी काढलं. पाच मिनिटांत डोक्यावरून कोणीतरी तांदळाचं पोतं उचलून घ्यावं तसं झालं. मी डोळे उघडले. समोर एकच मिलिंद होता. त्याने आईला विचारलं, "म्हणजे तुला खरंच काही नाही?" त्या नाही म्हणाल्या. तेव्हा तो दवाखान्याच्या स्टुलावर बसून चांगला हुंदके देऊन रडला, आणि नर्स त्यालाच पाणी द्यायला आली. त्याच्या समाधानासाठी सासूबाईंचाही रक्तदाब तपासला. एकशेवीस-ऐंशी निघाला. तो आकडा त्यांनी पुढे वर्षभर ओळखीच्या प्रत्येकाला सांगितला.

पोट वाढत गेलं तसा आतल्या नळीवर दाब येऊन तिचं टोक बंद झालं होतं. बाळासाठी जागा हवी होती, म्हणून डॉक्टरांनी गुरुवारी ऑपरेशन करून ते टोक पोटातून काढलं आणि मानेतल्या शिरेतून हृदयाच्या वरच्या कप्प्यापाशी सोडलं. भूल द्यायच्या आधी आणि उतरल्यावर बाळाचे ठोके ऐकले. दोन्ही वेळा ते मजेत होतं. नंतरचे दिवस मी कोल्हापूरला आईकडेच काढले. आई तिचा प्रश्न विचारत राहिली आणि मी न चिडता उत्तर देत राहिले. अडतिसाव्या आठवड्यात, चारचौघींसारख्या कळा येऊन, मुलगी झाली. खेडेकरकाकूंचं भाकीत साफ चुकलं, तिला डोक्यावर नावालाही केस नव्हते. ती आता अकरावीत आहे.

पण मला आठवते ती ऑपरेशननंतरची दुसरी दुपार. खिडकीतून ऊन आत आलं होतं. आई घरी जेवायला गेली होती, मिलिंद औषधं आणायला. सासूबाई एकट्याच माझ्याजवळ होत्या. मी डोळे मिटून पडले होते, त्यांना वाटलं झोपलेय. गेले तीन दिवस त्या इतक्या खुशीत होत्या, वॉर्डातल्या प्रत्येकाला घाटातली नक्कल करून दाखवत होत्या, की मला अजून थोडा रागच होता. त्यांचा मोबाईल वाजला. आईचा फोन असावा. त्या हळू आवाजात बोलू लागल्या.

"झोपली आहे. शांत झोपली आहे... नाही हो, मी कसली हुशार. रविवारी मी तिला चहा नेऊन दिला. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, आपण कोण, बसा ना, घरात आई आहेत, बोलावते त्यांना. आणि मला शोधायला आत निघाली."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

"मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले," त्या सांगत होत्या. "सरळ चल म्हटलं असतं तर आली नसती, ताण घेऊन आणखी काही करून घेतलं असतं. तेव्हा तुम्हाला फोन केला. तुम्ही तिच्या तेराव्या वर्षाचं एकेक सांगत गेलात, तेच मी पाठ केलं... हो. घाबरले होते. अजून घाबरलेलीच आहे. तिच्यासमोर दाखवायचं नाही, एवढंच."

मग काही वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. पदराने डोळे पुसल्याचं मला पापण्यांच्या फटीतून दिसलं. फोन ठेवून त्यांनी माझ्या पायांवरची चादर सारखी केली, ती सारखीच होती, आणि पिशवीतून मोसंबं काढलं. मी थोडा वेळ जाऊ दिला. मग जांभई दिली, डोळे चोळले आणि किती वाजले म्हणून विचारलं.

"कधीपासून जागी आहेस?"

"आत्ताच उठले."

त्यांनी मोसंब्याची साल एका लांब पट्टीत काढत आणली, एक फोड सोलून माझ्या हातावर ठेवली.

"तुला खोटं अजिबात जमत नाही," त्या म्हणाल्या. "खा."